शनिवारचं रक्त

आठ माकडांची साखर नेमकी शनिवारीच कशी घसरते, या प्रश्नाने पल्लवीचं डोकं उठलं होतं.

ओझरच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध असलेल्या त्या प्रयोगशाळेत चोवीस माकडं होती. औषधाची चाचणी सुरू होण्याआधी धडधाकट माकडाचं रक्त मुळात कसं असतं, ते ठरवायचं काम पल्लवीकडे. सोमवारी आठ, बुधवारी आठ, शनिवारी आठ. सकाळी उपाशीपोटी रक्त काढायचं हिरामणने, तपासायचं तिने. सोमवार-बुधवारचे आकडे सरळ. शनिवारच्या आठांची मात्र साखर कमी, पोटॅशियम जास्त, तेही सलग सहा आठवडे.

साखर कमी म्हणजे उपासमार, आणि उपासमार म्हणजे केळी कुणीतरी लांबवतंय, असं पल्लवीबाईंनी ठरवून टाकलं. कुणीतरी म्हणजे हिरामण, दुसरं होतं कोण? पेठ तालुक्यातला हा माणूस अकरा वर्षं पिंजऱ्यांपाशी; माकडं आपणहून त्याच्यापुढे हात धरायची. एवढा गोड माणूस आतून पोचलेला असणार. तिने वॉचमनला त्याची पिशवी रोज तपासायला लावली. निघायचा रिकामा डबा आणि चुन्याची डबी. पल्लवीला वाटलं, बेटा भलताच सावध आहे. शुक्रवारी तिने प्रयोगशाळेचे प्रमुख किशोर सरांना मेल टाकला: हिरामण माकडांचं खाणं चोरतो, त्याला काढा.

शनिवारी सातलाच ती त्याला रंगेहाथ पकडायला आली. चपला दाराबाहेर काढून हिरामण एकेका माकडाला केळं देत होता. आणि टेबलावर आठ नळ्या आधीच भरलेल्या. तिने एक उचलली. नुकतंच काढलेलं रक्त कोमट लागतं. ही नळी गार होती.

"हे कधीचं आहे, हिरामणभाऊ?"

"काल सकाळचं." त्याने मान खाली घातली. "रातभर कपाटात ठेवतो. शनवारी मारुतीच्या लेकरांना सुई टोचवत नाय, मॅडम. एका दिसानं काय बिघडतंय, म्हनलं."

"मला सांगायचं ना."

"तुम्ही पिशवी रोज बघितली. इचारलं नाय कधी."

पल्लवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठेवलेल्या रक्तात साखर उतरते आणि पोटॅशियम चढतं, हे कॉलेजात शिकलेली बाई सहा आठवडे केळी शोधत बसली होती. चोरी काही सिद्ध झाली नसती, तो सुटला असता. शुक्रवारच्या रक्तावर शनिवारची खोटी तारीख घालण्याला मात्र इथे माफी नव्हती.

"मी तक्रार मागे घेते," ती म्हणाली. "तारखांचं कुणाला कळायला नको. पुढच्या वेळेपासून शनिवारऐवजी शुक्रवार लावून घेऊ."

"सरांनी वाचलं आसंल ते. वॉचमन बी माझ्याकडं बघून हसतो." हिरामणचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तारखेचं माझं चुकलं, ते लिहा. पन चोर नाय, हे आधी लिहा."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ द्या."

तिने लॅपटॉप उघडला. पहिलं वाक्य त्याने सांगितलं तसंच लिहिलं. दुसऱ्या वाक्याला तिचा हात अडला, तेव्हा सहाही शनिवारांच्या तारखा त्यानेच तिला एकेक करून सांगितल्या.