उसवलेली गोधडी

कंडक्टर आयुष्यभर बसमध्ये "पुढे सरका" म्हणत राहिले आणि म्हातारपणी स्वतःच्याच घरात दारापर्यंत मागे आले. बायकोला मुलगी आठवत नव्हती, नवरा तर मुळीच नाही. ती त्यांना ओळखायची ती गोधडीसाठी जुनं कापड आणून देणारे कापडवाले म्हणून. हातात जुन्या कपड्यांचं गाठोडं असलं की, "या कापडवाले, बसा," म्हणत चटई सरकवायची. गाठोडं नसलं की परका पुरुष घरात शिरला म्हणून भेदरायची.

म्हणून ते सारखे जुन्या बाजाराच्या वाऱ्या करत. तिथे हल्ली नायलॉनचेच ढीग. स्वस्त होतं, पण बायकोची स्मृती गेली तरी बोटं शाबूत होती. "हे घाम टिपत नाही. तुमच्या पोरीला पांघरायला द्याल का?" म्हणून ती भिरकावून द्यायची. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड हवं, आणि तेच मिळेनासं झालं. एकदा सगळा बाजार पालथा घातला, चिंधीही हाती लागली नाही. त्या दुपारी ती झोपल्यावर कंडक्टरांनी ट्रंकेतून संसारातली तिची पहिली गोधडी काढली आणि जिन्यात बसून उसवली. आतून निघाले त्यांचे खाकी शर्ट, मुलीचा फ्रॉक. म्हातारा रडला, लपवायचं कशाला.

संध्याकाळी तिनं गाठोडं सोडलं. बोटं खाकी तुकड्यावर थबकली.

"कापड छान आहे. पण भोकं आहेत बारीक. गोधडी होती ही."

"असेल."

"हात चांगला होता हो बाईचा. बघा, टाका कसा एकसारखा." तिनं वर पाहिलं. "गेली का ती?"

कंडक्टर गाठोड्याचं फडकं घडी करू लागले.

"गेलीच असणार. नाहीतर कोण उसवतंय?"

"नाही," ते म्हणाले. "आहे."

"आहे?" ती कडाडली. "मग जित्या माणसाचं पांघरूण ओरबाडून आणलंत? जनाची नाही, मनाची तरी! परत नेऊन द्या." मग तिचं तिलाच काही वाटलं. "थांबा. असं फाटकंतुटकं कसं न्याल? शिवून देते. झाल्याशिवाय हलायचं नाही इथून."

दिवसामागून दिवस ती जुन्याच भोकांतून सुई घालत राहिली. बाजाराच्या वाऱ्या सुटल्या, कंडक्टर शेजारी बसून दोरा ओवून देऊ लागले. इतके दिवस सलग तिच्याजवळ बसायला त्यांना नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

गोधडी पुरी झाली तशी तिनं घडी करून त्यांच्या हातात ठेवली. "जा, द्या तिला. आणि म्हणावं, पुन्हा कापडवाल्याला देऊ नकोस."

ते निमूट बाहेर गेले, जिन्यात उभे राहिले. आता कोणतं गाठोडं घेऊन आत जायचं? परत आले तेव्हा ती चटईवर मुटकुळं करून पडली होती. त्यांनी गोधडी तिच्या अंगावर घातली.

तिनं डोळे किलकिले केले. "दिली?"

"दिली."

"काय म्हणाली?"

"बसा म्हणाली," कंडक्टर म्हणाले, आणि चटईच्या कडेला टेकले.