खटक्याचं कारण

क्लिफर्ड ब्रॅमॉलच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला आता दुसरा हिवाळा सरत आला होता. पत्र छोटंसंच होतं. 'एडगर, डोळे अधू झाले, दुकान बंद केलं. शेवटचा चाकू तुझ्यासाठी घडवलाय. पातं मिटून बोट कापू नये म्हणून खटका बसवलाय. तुझे हात मला शाळेपासून ठाऊक आहेत. एवढंच कळव, खिशात असतो की ड्रॉवरमध्ये? लेक वाचून दाखवेल.'

चाकू ड्रॉवरमध्ये होता. घोळ त्या खटक्यानेच केला होता. तिथल्या कायद्याने तीन इंचांच्या आतलं, नुसतं मिटणारं पातं माणसाने खुशाल खिशात घालून हिंडावं. पण उघडल्यावर खटक्याने घट्ट बसणारं पातं असेल, तर रस्त्यावर त्याला चांगलं कारण लागतं. शेफील्डमध्ये ज्याने उभा जन्म चाकू घडवले, त्याला कोणत्या तोंडाने कळवायचं, की बाबा रे, तुझ्या मायेनेच चाकू घरात कोंडला? खोटं लिहायला हात धजेना. वाचनालयात जन्म काढलेल्या एडगर स्टॅनिफोर्थने पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं आणि ते रिकामंच वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. चांगलं कारण! चहाच्या दुकानात खुर्चीवर बसतानाही त्याला वाटायचं, आपण इथे का बसलोय म्हणून कुणी विचारलं तर?

टेकडीवर नगरपालिकेने भाड्याने दिलेले भाजीचे वाफे होते. तिथे त्याच्या वाफ्याची शेजारीण विनी कार्टलेज. तिच्या नवऱ्याने लावलेलं सफरचंदाचं झाड किडलं होतं आणि तिला त्याच्या फांदीचं कलम नव्या रोपावर हवं होतं.

"अहो ग्रंथपाल, तुम्हीच बांधा."

"मी फक्त पुस्तकात वाचलंय."

"मी तर तेही वाचलं नाही. आणि माझी बोटं बघा, आल्याच्या गाठी झालीत."

"तुमच्याकडे ती पक्कड आहे ना, करवत, पातं सगळं असलेली?"

"ती चीज कापायला. कलमाला काप आरशासारखा लागतो म्हणे. गेल्या आठवड्यात अर्धा तास सांगत होतात, आणि मी थंडीत उभी."

एडगरने तेव्हा पहिल्यांदा चाकूबद्दल तोंड उघडलं. विनी हसली. "म्हणजे तुम्हाला कारण हवंय? हे काय समोर उभं आहे. उद्या सकाळी या."

सकाळी चाकू कोटाच्या आतल्या खिशात घालून तो निघाला. चढावर एक तरुण पोलीस बाई समोरून येत होती. ती फक्त हसली. पण एडगर थांबलाच.

"मॅडम, माझ्या खिशात चाकू आहे."

"आजोबा," ती दोन पावलं मागे सरत म्हणाली, "पोलिसाशी बोलायची सुरुवात अशी करायची नसते. हात बाहेर ठेवा. कशाला हवाय?"

एडगरने क्लिफर्डपासून सुरुवात केली.

"एका वाक्यात."

"शेजारणीच्या सफरचंदाला कलम बांधायचंय."

"मग हे आधी सांगायचं." तिने चाकू बघितला, पातं उघडून अंगठ्याने खटका दाबून पाहिला. "सुरेख आहे हो. काम झालं की सरळ घरी. आणि ते बगलेतलं पुस्तक?"

"वाटेत वाचनालयात द्यायचं होतं."

"ते उद्या. वाचनालयात कलमं बांधत नाहीत."

विनीने फांदी धरली, एडगरने पातं उघडलं. खटका बारीक आवाज करून बसला. त्याचे हात थरथरत होते, पण पातं जागचं हललं नाही. ओल्या लाकडावर तिरपा काप एका ओढीत उतरला. दोन काप एकमेकांवर टेकवले, विनीने दातांनी पट्टी ओढून बांधली.

"लागेल का हो?"

"पुस्तकात तरी लागलं होतं," एडगर म्हणाला. विनीने त्याच्या पाठीत एक चापट ठेवून दिली आणि चहा ओतला.

तिच्या खोपटात बसूनच त्याने कागद मागितला.

'क्लिफर्ड, चाकू कालपर्यंत ड्रॉवरमध्ये होता. खटक्यामुळे रस्त्यावर त्याला कारण लागतं, आणि मला कारण नव्हतं. तुला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही. आज तो खिशात आहे. काप आरशासारखा आला. विनीबाईंच्या मनात अजून एक नाशपाती आहे, म्हणजे पुढेही कारण आहे. बोटं शाबूत आहेत.'

बगलेतल्या पुस्तकातलं पाकीट अखेर कामी आलं.

घराच्या कोपऱ्यावर टपालाची लाल पेटी होती. एडगर घुटमळला. सरळ घरी, असं पोलीस बाईने बजावलं होतं. इथे थांबणं सरळ जाण्यात बसतं का? त्याने मागेपुढे पाहिलं. मग एक हात खिशावर ठेवून, चाल न मोडता, दुसऱ्या हाताने पत्र आत सोडलं.