शांतीबाईचा दुसरा हात

अख्तरबानो मणियारीण गोष्ट सांगितल्याशिवाय बांगड्या भरत नसे. गोष्टीत जीव गुंतला की बाईचा हात सैल पडतो आणि काच फुटत नाही, हे तिचं कसब. सन चौतीसची आखाजी, खानदेशातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. ब्राह्मणपुरी गावात शांतीबाईच्या ओट्यावर तिने पेटी उघडली, तेव्हा सून तुळसा दाराआड डोळे पुसत होती. गावोगावच्या लेकी सणाला माहेरी निघाल्या, आणि हिला सासूने साफ नाही म्हटलेलं. ही सुनेला माहेरी धाडते की नाही बघतेच, असं मनाशी म्हणत बानोने सासूचा हात धरला आणि सुरुवात केली.

"एक सासू व्हती. सुनले माहेरले जाऊ देस नई. अशी दुष्ट, अशी द्वाड..."

एक हात भरला आणि शांतीबाई ताडकन उठली. "बानो, तुन्ही गोष्टनी सासू लाकडनी शे! उठस, बसस, सुनले छळस. तिले मन शे का नई? उचल पेटी!" आणि ती आत निघून गेली.

दुसरी कुणी गाशा गुंडाळून पळाली असती. बानो हलली नाही. एक हात भरलेला, एक बोडका, अशी सवाष्ण घरात वावरेल कशी? येईल झक मारत! पण बोल मात्र तिला लागला. खरंच की, सासू कुठली, आपण बुजगावणं उभं केलं! मग तिला आठवलं, 'माहेर' म्हणताच तो हात गार पडला होता. रागाचा हात तापतो, दुखावलेला गार पडतो, हे बानोला पक्कं ठाऊक.

शांतीबाई आलीच. फुरंगटून बसली आणि दुसरा हात पुढे केला.

"ती सासू नवी नवरी व्हती तवय," बानो म्हणाली, "आखाजीले वाटवर उभी ऱ्हाये. बाकी पोरीसना भाऊ उनात, बहिनीसले लई गयात. तिना उना नई. दुसऱ्या सालले बी नई. मंग तिनी वाट देखनंच सोडी दिधं."

हात पुन्हा गार. "तुले कोनी सांगं?"

"तुन्हा हातनी, अक्का."

शांतीबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पदराने ते पुसून ती दाराकडे वळली आणि म्हणाली, "तुळसा, गाठोडं बांध. तुन्हा भाऊले आजच निरोप धाडसू." मग हळूच बानोला विचारलं, "पुढे त्या सासूनं काय व्हस?"

बानोने शेवटची बांगडी सरकवली. "तिले आखाजीनं बोलावनं येस, मन्हा घरनं. भाऊ नई उना, पन बहीन शे ना तिले!"

हात भरून झाला होता, तरी शांतीबाईने तो बानोच्या हातातून काढून घेतला नाही.