फक्कीचा डबा

डब्याच्या बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं सारखी नव्हती—मधली दाट, कडेची विरळ, एक तर इतकं मोठं की त्यातून मैदान आखायची चुन्याची फक्की भुरभुरत न पडता ढेकळानं पडायची आणि सरळ चाललेल्या रेघेवर मध्येच पांढरा फोड उठायचा. राहीनं बुडाला तळहात लावून धरला होता, तरी बोटांच्या फटींतून चुना गळत होताच. बांधावर वळून पाहिलं तेव्हा तिला दिसलं, की आपण टोकावड्याच्या मैदानापासून इथवर ठिपके टाकत आलो आहोत. म्हणजे मागून कुणीही आलं तरी त्याला कळेल, कोण निघालं, कुठून, आणि वाडीवर कुणाच्या घरी चाललं आहे. सगळं उघडं... आणि तरी तोंडानं कुणी काही बोललेलं नाही. रीतच तशी होती.

कबड्डीच्या मंडळात कुणाला संघातून काढलं, तर ते सांगायचं नाही. कमिटीतल्या एकीनं फक्कीचा डबा तिच्या घरी न्यायचा, हातात द्यायचा. तिनं त्या संध्याकाळी येऊन मैदान आखायचं आणि मग कडेला बसायचं. डबा हातात आला की समजून घ्यायचं. ‘रडायला रिकामे हात लागतात, म्हणून हाताला काम द्यायचं,’ असं महिपतदादा सांगत. दादा मुरबाडच्या कारखान्यातली पाळी करून येऊन मुलींना कबड्डी शिकवायचे. त्यांनीही एके काळी डबा धरलेला होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं कुणी खोडत नसे. राही मनातल्या मनात खोडायची. तिचं म्हणणं, ही रीत घेणारीच्या सोयीची नाहीच, देणारीच्या सोयीची आहे. बोलावं लागत नाही, एवढंच तिच्यातलं खरं.

खेळाडूंची कमिटीही दादांनीच काढलेली. “तुमचा संघ, तुमीच ठरवायचा. मी मधी येणार नाय.” त्या दिवशी तिघींनाही—सारिका, काजल आणि राही—केवढा मान वाटला होता. पुढं राहीच्या ध्यानात आलं, की ज्या आया पूर्वी दादांच्या दाराशी भांडायला यायच्या, त्या आता सारिकाच्या ओटीवर येऊन बसतात आणि दादा मात्र पूर्वीपेक्षा शांत झोपतात. माणसांचा हिशेब ठेवायची ही खोड तिला लहानपणापासूनची. कोण कुणाच्या विनोदाला गरजेपेक्षा जास्त हसतं, कोण पाण्याची बाटली आधी कुणापुढं करतं... सारिका कर्णधार, पण तिला ठरवायला आवडत नाही, ठरलं असं सांगायला आवडतं. काजलची मामेबहीण रुपा राखीव खेळाडूंत बसून कंटाळली आहे. त्यामुळे संघातल्या कुणाला जरा शिंक आली तरी काजलला फार काळजी वाटते. सगळ्यांचं सगळं असं राहीला तोंडपाठ. फक्त स्वतःपाशी आलं, की तिला दुसरं काहीतरी आठवायचं.

आता काय आठवावं? नियम. नियम तिचाच होता.

श्रावणात काजल शिकवणीचं निमित्त करून दांड्या मारत होती आणि ती शिकवणी एसटी स्टँडवरच्या बाकावर चालते हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा राहीनं, कुणाचंही नाव न घेता, फार साळसूदपणे कमिटीपुढं नियम ठेवला: न सांगता लागोपाठ तीन संध्याकाळी जी येणार नाही, ती शहापूरच्या निवड चाचणीला जाणाऱ्या संघात नाही. काजलनंच सर्वांत आधी हात वर केला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी मैदानावर. राहीला तेव्हा आपल्या डोक्याचं कौतुक वाटलं होतं. काजलसाठी लावलेल्या त्या फासात दिवाळीनंतर भिमी येऊन अडकेल, असं तिला—

वाटलं नव्हतं? की...

दिवाळी सरली आणि शेतात भात पिकून आडवं पडू लागलं. कापणीला माणूस मिळेना. वडील म्हणाले, “तुला खेळायला जायचाय ना, मग तुझ्या बदल्यात कोन तरी आन.” राहीनंच वाडीवर जाऊन भिमीला सांगितलं. भिमी कातकरवाडीतल्या लखमाची मुलगी, डाव्या कोपऱ्याची खेळाडू. चढाईवाली कितीही चपळ असो, भिमीनं एकदा घोटा धरला की तो सुटत नसे. शेजारी उभी राहणारी राही मग नुसती वर पडून पकड पक्की करायची आणि टाळ्या दोघींना मिळायच्या. “आनि प्रॅक्टिस गो?” भिमीनं विचारलं होतं. राही म्हणाली होती, “मी सांगते कमिटीत.”

तीन संध्याकाळी भिमी राहीच्या शेतात वाकून भात कापत होती आणि तीन संध्याकाळी राही मैदानावर होती.

काल शाळेच्या पडवीत सारिकानं विचारलं, “भिमी कुठं होती? कुनाला म्हाईत हाय?” त्याच वेळी काजल राहीकडे बघून हसली. “नियम तुझाच ना गो?” त्या हसण्यानं काय झालं कोण जाणे... सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यात राहीचं घर येत होतं, राहीचं शेत येत होतं, राहीच्या बदल्यात वाकलेली भिमीची पाठ येत होती, आणि आणखी एक बारीक गोष्ट, कुणालाही न दिसणारी—की भिमी यंदा चाचणीसाठी म्हणून आईबापाबरोबर भिवंडीकडं वीटभट्टीवर न जाता राहीच्याच घरी राहणार होती, आणि राहीची आई आत्तापासूनच म्हणू लागली होती, “तिच्यासारखी भाकर थापून दाखव.”

“मला नाय म्हाईत,” राही म्हणाली.

मग सारिकाचा हात वर गेला, काजलचा गेला, आणि राहीला स्वतःचा हात वर गेलेला दिसला, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा.

डबा जड नव्हता. तरी तिनं तो या हातातून त्या हातात घेतला. आता काय करायचं ते अगदी साधं होतं—द्यायचा आणि परत फिरायचं. आज द्यायला हवाच. भट्टीचा टेंपो दिवस मावळायच्या आत फाट्यावर येणार आहे, भिमीला वेळेत कळलं तर ती निदान आईबापाबरोबर तरी जाईल. म्हणजे डबा लवकर देणं हा एक प्रकारे भिमीवर उपकारच... असा विचार सुचला तेव्हा राहीला स्वतःचीच थोडी भीती वाटली.

वाडीपर्यंत जावं लागलंच नाही. ओढ्याच्या अलीकडे भिमी समोरून येताना दिसली, गुडघ्याच्या पट्ट्या गळ्यात अडकवलेल्या, केस ओले. तिनं लांबूनच हात केला. मग तिची नजर डब्यावर पडली, आणि तिथून राहीच्या पांढऱ्या झालेल्या बोटांवर, आणि ती चालता चालता थांबली.

“तुला काढली?”

राहीला कळलं नाही. मग कळलं.

“कुनी गो? काजलनी ना? मला वाटलाच व्हता.” भिमी जवळ आली. “आनि तू अशी गपचूप डबा घेऊन कुठं चाललीस? माझ्याकडं ना? बरा केलास.”

राहीनं तोंड उघडलं. तोंडात चुन्याची चव होती.

“भिमी, ऐक—”

“काय ऐकू? रडू नको. मी बोलते दादांशी. तुझ्याच शेतात व्हती म्हनून तीन दिस मी नाय आली, तरी मला ठेवली, आनि तू रोज येते तर तुला काढतात, ही कुठली कमिटी?” मग तिला हसू आलं. “सकाळीच बा बोलला, चल भट्टीवर, तुला संघातून काढली म्हंजे काय करशील? मी बोलली, राही हाय कमिटीत, मला कोन काढतो. आता तूच गेलीस. माझा पन काय खरा नाय.”

आणि तिनं डबा घेतला. राहीनं दिला नाही, हे नक्की. भिमीनं तो तिच्या हातातून काढून घेतला, खांद्यावरचं ओझं उतरवून घ्यावं तसा, बुडाला आपला हात लावला आणि पुढं चालू लागली. “तू बस कडेला. समद्यांपुढं तुला लाज वाटंल. फक्की मी मारते.”

राही तेव्हा सांगणार होती. ओढा ओलांडताना सांगणार होती, मग शाळेच्या वळणावर. प्रत्येक ठिकाणी भिमीच काहीतरी बोलत होती—रात्री कुठल्या कुशीवर झोपतेस, मला मेली भिंतीकडची जागा लागते—आणि तिचं वाक्य संपलं की सांगू, असं म्हणत राही तिच्या मागं मागं, स्वतःच्याच ठिपक्यांवर पाय देत, मैदानावर येऊन पोचली.

भिमीनं मधल्या रेघेपासून सुरुवात केली. मुली एकेक करून येत होत्या. डबा भिमीच्या हातात बघून त्यांच्या चपलांचा आवाजसुद्धा कमी झाला. रुपानं कुणी न सांगताच गुडघ्याच्या पट्ट्या चढवल्या. काजलला बुटाच्या नाडीत फार काम निघालं. आणि सारिकानं पलीकडून राहीकडे बघून हलकेच मान हलवली: झालं ना नीट, न बोलता झालं, शाबास. सगळ्यांना जे कळायचं ते कळलं होतं. रीत बरोब्बर पाळली गेली होती. वाकून रेघ ओढणाऱ्या भिमीला तेवढं माहीत नव्हतं. आणि सगळे गप्प का, याचंही उत्तर तिच्यापाशी होतं—राहीला काढली म्हणून.

फाट्यावर टेंपोनं हॉर्न दिला. लांबलचक. वाडीच्या वाटेवरून डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं उतरत होती, त्यात लखमा असेल. तो मैदानाकडं एकदा बघेल. भिमीनं मान वर केली, हात हलवला—जा, जा, असा—आणि पुन्हा वाकली.

धावलं तर अजून... तिला घेऊन फाट्यापर्यंत पोचता येईल. किंवा सारिकापाशी जाऊन ते एक वाक्य बोलता येईल, आत्ता, या सगळ्यांच्या देखत. राहीनं दोन्ही गोष्टी नीट मांडून पाहिल्या, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांडत आली तशा, आणि तिला जाणवलं की या खेपेला आपण बाहेर बसून बघत नाही आहोत. आपण रेघ जिथून जायची आहे नेमके तिथंच उभे आहोत.

हॉर्न पुन्हा वाजला.

चुना भुरभुरत जवळ आला. मोठ्या भोकातून एक ढेकूळ तिच्या अंगठ्यापाशी पडलं.

“पाय काढ गो,” भिमी खालूनच म्हणाली, मायेनं.

राहीनं पाय उचलला. आणि तो आत टेकावा की बाहेर, हे न कळून, तसाच धरून राहिली.