आकडा खरा आहे का?

मित्रांनो, दंडाला पट्टा बांधून हवा भरली की ज्याच्या काचेच्या नळीत पारा चढतो, तो जुना रक्तदाबमापक मी. आता कपाटात असतो. माझी कामाची वर्षे बहारीनमध्ये, उम्म अल हस्समच्या एका दवाखान्यात गेली. डॉक्टर शुभदा मला 'आमचा खरं बोलणारा' म्हणत. मला त्याचा अभिमान होता.

माझ्या नळीच्या टोकाला हवा खेळण्यासाठी एक बारीक चकती आहे. ती धुळीने बुजली, की पारा अडखळत उतरतो आणि खालचा आकडा वाढीव दिसतो. म्हणून दर सहा महिन्यांनी माझी तपासणी करायची असते. १९९४ पर्यंत ती सलग दोनदा राहून गेली होती. मला ते सांगता येत नव्हते.

त्या वर्षी लीना आली. ती अलिबागकडची, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंपैकी. तिला पाचवा महिना होता. मी एकशे सत्तर, एकशे वीस दाखवले. तिच्या लघवीत प्रथिने होती, दृष्टी धूसर झाली होती.

"हे वाढलं तर तुझा जीव जाईल," शुभदाबाई म्हणाल्या. "आणि बाळ बाहेर जगण्याइतकं वाढलेलं नाही. गर्भपाताचा विचार करावा लागेल."

दुसऱ्या दिवशी ती मसूदाखालांना घेऊन आली. खाला मनामातल्या मोजक्या ज्यू घरांपैकी एकातल्या. दोघी हिंदीत बोलत.

"खाला, आपल्यात हे पाप आहे का?"

"बाळ जन्मेपर्यंत आईचा जीव पहिला. आपले जाणते हेच सांगत आले."

"म्हणजे पोटातलं काहीच नाही?"

"काहीच नसतं, तर तू रडत विचारायला आली असतीस? पण धोका खरा हवा, बेटी. नुसत्या भीतीवर नाही." मग त्यांनी माझ्याकडे बोट केले. "आणि हा म्हातारा तरी धड आहे का? गेल्या महिन्यात भलताच आकडा दाखवून याने मला जवळजवळ कबरीत पाठवलं होतं."

शुभदाबाई हसल्या. तंत्रज्ञ संघप्रिया हसली नाही. तिने हवा भरून सोडली आणि पाऱ्याकडे पाहत राहिली. पारा मध्येच थबकला.

"मॅडम, हा अडकतोय. याची तपासणी माझ्याकडून राहिली."

तिने चकती साफ केली, पारा शून्यावर आणला, शेजारच्या दवाखान्यातले यंत्र आणून मला त्याच्याशी ताडून पाहिले. मग लीनाच्या दंडाला पुन्हा पट्टा बांधला. एकशे अडुसष्ट, एकशे बारा.

"कमी झालं?" लीनाने विचारले.

"कमी आहे, लीनाताई. पण पुरेसं नाही," संघप्रिया म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी मी खोटे बोलू शकलो असतो, तर बोललो असतो.

आकडे पुढे वाढतच गेले. रक्ताचा अहवालही बिघडला. तिसऱ्या दिवशी लीनाने होकार दिला. तिचा जीव वाचला. महिन्याने ती तपासणीला आली. पट्टा सुटल्यावर संघप्रियाला म्हणाली, "तुम्ही पुन्हा मोजलंत, म्हणून मी निदान शंका घेऊन घरी गेले नाही. पण माझ्याआधी याच्यावर मोजलेल्या बायकांचं काय?"

संघप्रियाने नोंदवही उघडली आणि एकेकीला फोन लावायला घेतला. काहीजणी देश सोडून गेल्या होत्या.

त्यांचे आकडे मला अजून आठवतात. मित्रांनो, माझ्यासारख्याला खरे बोलणारा म्हणू नका. आधी शून्यावर आणा, मग विचारा.