ती रॅकेट, ते रॅकेट

मी पाळणाघर चालवते. याच इमारतीतली सात पोरं घरात असली की आवाज होणारच. एकाने भोकाड पसरलं की बाकीची साथ देतात. खालच्या मजल्यावरच्या प्रोफेसरांना त्रास होत असेल, मान्य. वर येऊन सांगितलं असतं तर दुपारी खिडक्या लावून घेतल्या असत्या. पण ते पडले इंग्रजीचे प्रोफेसर. त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर इंग्रजीत तक्रार टाकली, आणि सेक्रेटरीने लगेच तिचं मराठी केलं: 'वरच्या मजल्यावर लहान मुलांचं रॅकेट चालतं. ताबडतोब बंदोबस्त व्हावा.'

आता आपल्याला रॅकेट दोनच माहीत. ती रॅकेट खेळायची, आणि ते रॅकेट पोलिसांनी उघडकीला आणायचं. लहान मुलांचं म्हटल्यावर खेळायची कोणाच्या डोक्यात येणार?

दुपारीच आया एकेक करून आल्या आणि पोरं घेऊन गेल्या. एकीकडे म्हणे पाहुणे आले होते, दुसरीला डॉक्टरकडे जायचं होतं. छकुलीची आई तर चपलाही न काढता आत शिरली, झोपलेली पोर उचलली आणि माझ्याकडे न बघता चालती झाली. तीन महिन्यांची असल्यापासून छकुली माझ्याकडे आहे. तिचा पहिला दात मी पाहिला, तिच्या आईने नाही.

मी भाडेकरू, त्यामुळे मला ग्रुपवर घेतलेलं नाही. शेवटी वॉचमनने त्याच्या फोनवर तो मजकूर दाखवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सेक्रेटरीला सोबत घेतलं आणि थेट प्रोफेसरांचं दार वाजवलं.

"मी कसलं रॅकेट चालवते, सांगा."

प्रोफेसर गडबडले. "अहो, रॅकेट म्हणजे गोंगाट. इंग्रजीत तोही अर्थ आहे."

"पेपरात तर कधी वाचला नाही," सेक्रेटरी पुटपुटला.

"मराठीत शब्दांचा दुष्काळ पडलाय का?" मी विचारलं. "गलका आहे, कालवा आहे, कल्ला आहे, धिंगाणा आहे. एक उचलून लिहायचा होता. आणि सेक्रेटरीसाहेब, वर येऊन विचारायला तुमचे पाय मोडले होते?"

सेक्रेटरीने तिथेच उभ्या उभ्या खुलासा टाकला. 'रॅकेट म्हणजे गोंगाट. गैरसमज नसावा.' माझी माफी मागावी असं दोघांपैकी कोणालाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी पोरं परत आली. आया हसत होत्या. "मावशी, मला तर खात्रीच होती," छकुलीची आई म्हणाली. छकुली येऊन बिलगली तेव्हा माझा निम्मा राग उतरला. दिवसभर पोरांनी घर डोक्यावर घेतलं, मी कोणाला गप्प बसवलं नाही.

संध्याकाळी छकुलीची आई न्यायला आली. माझ्याशी बोलता बोलता तिने पोरीच्या बाह्या वर सारल्या, दोन्ही दंड बघितले. मग फ्रॉक उचलून पाठ बघितली. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "डास चावलेत का बघत होते."

मी आत गेले. छकुलीचं दुपटं, बाटली, कपडे, सगळं पिशवीत भरलं आणि तिच्या हातात दिलं.

"उद्यापासून दुसरीकडे बघा."

"मावशी, अहो, शब्दाचा घोळ होता तो."

"तो कालच मिटला," मी म्हणाले. "बाह्या तुम्ही आज वर केल्यात."