सायलेन्सवरची पट्टी

हल्डा पिंकहॅमच्या नातीला, लोइसला, पहिली मुलगी झाली ते १९३६ साल. मूल तीन आठवड्यांचे होते, बाप्तिस्मा रविवारी होता, आणि गुरुवारी दुपारी हल्डाच्या स्वयंपाकघरात नावावरून जुंपली होती.

"सायलेन्स?" अल्मायराने कप बशीत आपटला. "म्हणजे शांतता? अगं, ऐक तरी तिला!"

पाळण्यातले मूल गळा काढून रडत होते. खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

"म्हणूनच ठेवायचं," हल्डा म्हणाली. "आपण मागितलं काय आणि त्यानं धाडलं काय, हे देवाच्या लक्षात राहील."

लोइस फसकन हसली. अल्मायरा हसली नाही. ती हल्डाची थोरली चुलत बहीण, चाळीस वर्षे गावच्या शाळेत शिकवून घरी बसलेली. दोघी जन्माने टिल्टन; त्या घराण्याच्या नोंदींची जाड वही अल्मायराच्याच कपाटात असे आणि घरात कुणाचे लग्न, कुणाचे मरण, सारे तिच्याच अक्षरात उतरे.

हल्डाची गोष्ट वेगळी. ती आठव्या वर्षी बुटांच्या कारखान्यात गेली आणि पन्नास वर्षे चामडे शिवत राहिली. पत्रे आली तर नवरा वाचून दाखवी. तो गेल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, चर्चच्या तळघरातल्या वर्गात तिने अक्षरे गिरवली. वर्गाबाहेर तिने आपले आपण वाचलेला पहिला शब्द जुन्या दफनभूमीतल्या एका दगडावर होता. शेवाळ नखाने खरवडत, एकेक अक्षर बोटाने चाचपत तिने तो लावला होता: सायलेन्स. टिल्टन घराण्यात सून म्हणून आलेली पहिली बाई, अडीचशे वर्षांपूर्वीची. आपल्याच रक्ताचे नाव आपल्याच बोटाखाली उमटले म्हणून हल्डा तिथेच गवतात बसून पोट धरून हसली होती. घरात पुन्हा मुलगी झाली तर तिला हेच नाव, असे तिने त्या दिवशीच ठरवून टाकले होते. मध्ये बारा वर्षे नुसते मुलगेच झाले.

"सांगणार नव्हते, पण आता सांगते," अल्मायरा खालच्या आवाजात म्हणाली. "तिचं लग्न झालं मे १६८२ मध्ये. पहिला मुलगा फेब्रुवारी १६८२ चा. मोज आता तूच."

हल्डाने मोजले. लोइसने तिच्या आधी मोजले होते.

"लग्नाच्या आधी तीन महिने?" लोइस म्हणाली. "आजी, माझ्या सासूला हे कळलं ना, तर वर्षभर तिला दुसरा विषय नको. आपण ग्रेस ठेवू या. ग्रेस कुणालाही चालेल."

"चालेल ते ठेवायला ती काय घोडी आहे? अल्मायरा, गावचं मूळ पुस्तक तू पाहिलंस?"

"आजोबांनी त्यातूनच उतरवून घेतलंय."

"ते झाले आजोबा. तू पाहिलंस का?"

"मी शाळेतली बाई आहे, हल्डा. आता तू मला वाचायला शिकवणार?"

"रविवारपर्यंत नाव ठरलं असं समजू नका," एवढेच हल्डा म्हणाली आणि मुलाला उचलून घेतले. मूल तिच्या खांद्यावर ओकले, आणि गप्प झाले.

शुक्रवारी सकाळी ती गावच्या कचेरीत गेली. तिथला कारकून ओबेद रिकर याने लोखंडी पेटीतून ते पुस्तक काढले आणि तान्ह्या मुलासारखे टेबलावर ठेवले.

"शेवटी नावांची यादी आहे, हल्डाबाई. टिल्टन कुठे ते पटकन सापडेल."

"नको. मी टाका सोडून शिवत नाही. एक टाका सुटला की बूट तोंड उघडतो."

"दुपार होईल."

"होऊ दे. तुला कुठे वरातीला जायचंय?"

अक्षर वळणावळणाचे, शाई तपकिरी झालेली. जिथे अडेल तिथे ओबेद चष्मा सरसावून मदत करी. आकडे मात्र हल्डाला कुणी सांगावे लागत नव्हते. बुटांचे माप तिने आठव्या वर्षापासून ओळखले होते. बोट ओळीखालून सरकत गेले. कुणाचे बाळ, कुणाचे लग्न, कुणाचे डुक्कर दुसऱ्याच्या मक्यात शिरल्याची तक्रार. दुपारी बोट थांबले.

"ओबेद, इथे मे कुठाय? तिसरा महिना, नववा दिवस असं लिहिलंय."

"ते कट्टर प्युरिटन लोक. मार्च, जून ही मूर्तिपूजकांच्या देवांची नावं म्हणून तोंडात घ्यायचे नाहीत. महिने नुसते मोजायचे. आणि वर्ष सुरू व्हायचं मार्चपासून. तिसरा म्हणजे मे."

"बरोबर आहे त्यांचं. गाय व्याली की खरं वर्ष सुरू होतं." तिने पान उलटले. "आणि हा मुलगा बघ. बारावा महिना, चौदावा दिवस. तेच साल."

"बारावा म्हणजे फेब्रुवारी."

हल्डाने डावा हात वर केला. चौथ्यापासून बाराव्यापर्यंत बोटे मोडत गेली. एक हात संपला, दुसऱ्याचा अंगठा तेवढा उरला.

"ओबेद, त्यांच्या वर्षात फेब्रुवारी शेवटी यायचा?"

"अर्थात. मे आधी, फेब्रुवारी नंतर."

हल्डा एवढ्या जोरात हसली, की पलीकडच्या खोलीतून कुणीतरी काय झाले म्हणून डोकावले. आजोबांनी बाराव्या महिन्याचा फेब्रुवारी केला होता, बरोबरच केला होता. वर्ष मात्र जुनेच राहू दिले होते; आजच्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६८३ चा.

शनिवारी, रिवाजाप्रमाणे, सगळे अल्मायराकडे भाजलेल्या घेवड्याच्या जेवणाला जमले. हल्डाने ओबेदने सही करून दिलेली त्या नोंदींची नक्कल घेवड्याच्या मडक्याशेजारी ठेवली.

अल्मायराने ती वाचली. परत वाचली. मग तिनेही टेबलाखाली बोटे मोडली. हल्डाने पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

"नऊ महिने आणि पाच दिवस," हल्डा म्हणाली. "तेही पोरगं पाच दिवस आळसात पडून राहिलं. टिल्टनांचे पुरुष तेव्हापासून तसेच."

लोइस हसता हसता ठसकली. अल्मायरा उठली, कपाटातून वही आणली आणि पहिले पान उघडले. त्यात सायलेन्सच्या ओळीवर कागदाची अरुंद पट्टी चिकटवलेली होती.

"बाबांनी लावली," ती म्हणाली. "पाहुणे आले की हे पान उघडायचं नाही, असा त्यांचा नियम. साठ वर्षं मी तिच्या दगडासमोरून मान फिरवून गेले, हल्डा. शाळेत पोरांना हिशेब शिकवले, आणि हा एवढासा..."

"मडकं इकडे कर," हल्डा म्हणाली.

तिने झाकण काढले. वाफ वर आली. दोघींनी मिळून वहीचे पान त्या वाफेवर धरले, आणि हल्डाने चामड्याचा टाका उसवावा तशी, कागदाला धक्का न लावता, पट्टी अलगद सोडवली.

"लोइस," अल्मायराने नाक पुसत विचारले, "ग्रेस कोण गं? आपल्यात ग्रेस कुणी नाही."

रविवारी पाण्याचा थेंब कपाळावर पडताच मूल असे किंचाळले, की पाद्री पुस्तकातली ओळ चुकला. "सायलेन्स," तो दुसऱ्यांदा म्हणाला, आणि बाकांवर हशा उसळला. सर्वांत मोठ्याने अल्मायरा हसली. चर्च सुटल्यावर ती लायलॅकच्या फुलांची फांदी घेऊन दफनभूमीकडे गेली. हल्डा फाटकापाशी थांबली. तिथे एकटीने जायचे असते हे तिला कळत होते.

सायलेन्स रांगायला लागली, खुर्ची धरून उभी राहिली. हल्डा पिंकहॅम १९३७ च्या फेब्रुवारीत, तीन तारखेला, न्युमोनियाने वारली. अल्मायराने वहीत नोंद केली. तारीख तिने अशी घातली: बारावा महिना, तिसरा दिवस, १९३६.